कान तुटलेले तीन कप

दिवाळीनंतर पेठला जाऊन आले. आमचं तिथलं घर अखेर विकलं गेलं. काकांचा फोन आला होता, "तुला त्या कपबश्यांचा नाद आहे ना? मग ये आणि हवं ते घेऊन जा. नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीत जाईल सगळं." मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

(पेठ हे गावाचं नाव आहे हो! पुण्याच्या मैत्रिणी दर वेळी विचारतात, "कुठली पेठ? सदाशिव की नारायण?" नाशिकहून धरमपूर-वलसाडच्या रस्त्याला लागून सावळघाट ओलांडला की आमचं पेठ. एके काळचं छोटंसं संस्थान, आता तालुक्याचं गाव. धो धो पाऊस, डोंगरउतारावर नागली आणि वरई, आणि आजूबाजूला सगळे आदिवासी पाडे.)

माझा नाद इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. साधारण १९०० ते १९४० या काळातल्या, नक्षी असलेल्या चिनी मातीच्या कपबश्या मी जमवते. सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका एकट्या बशीने झाली. आज घरात साठेक कप आहेत. यातलं फारसं काही मौल्यवान नाही. ज्याला खरा किमती माल म्हणतात, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज टेरींच्या काळात घडलेली भांडी वगैरे, तो आपल्या आवाक्यातला नाही आणि तो काळही थोडा आधीचा. माझा माल म्हणजे तुमच्या-आमच्या आज्यांच्या फडताळातला, पाहुणे आले की निघणारा.

या नादात एक गंमत असते. कप उलटा केला की तो बोलायला लागतो. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव असायलाच हवं असा कायदा लागू केला. तेव्हा जपानी कारखानदार 'निप्पॉन' असा ठसा मारू लागले. १९२१मध्ये अमेरिकन कस्टमवाल्यांनी सांगितलं, हा जपानी शब्द चालणार नाही, इंग्रजीत 'जपान' लिहा. कायदा तिकडचा, पण ठसे जगभर फिरले. बोहेमियातल्या कपांचंही तसंच. पहिल्या महायुद्धाआधी ठशात 'ऑस्ट्रिया', १९१८नंतर 'चेकोस्लोव्हाकिया'. कारखाने तिथेच, देश बदलला! अर्थात हे सगळे अंदाज असतात, जन्मदाखला नव्हे.

दुसरी खूण बोटाने कळते. नक्षीवरून बोट फिरवायचं. गुळगुळीत लागली तर नक्षी आधी आणि चकाकीचा थर नंतर, म्हणजे ती सहसा जात नाही. जरा उंचवटा लागला तर नक्षी चकाकीच्या वर बसवून पुन्हा भाजलेली. अशी नक्षी स्वस्त मालावर कागदी छापाने उठवत, आणि ती राखेने घासून घासून जाते. सोनेरी कड तर सगळ्यात आधी जाते. घरातल्या बायकांनी भांडी कशी आणि किती घासली ते त्या कडेवरून वाचता येतं.

तर आमचं घर. पुढे दुकान, मागे घर, दोहोंच्या मध्ये पडवी. आजोबांचं किराणा दुकान होतं. मीठ, गूळ, रॉकेल, कापड विकायचं आणि पाड्यांवरून येणारी खुरासणी, हिरडा, मध, डिंक विकत घ्यायचा. आजोबांचं लग्न १९३४ सालचं. त्या लग्नात मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने आहेर दिलेला गुलाबी फुलांचा कपबशीचा सेट आमच्याकडे आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती.

काकांनी तो आधीच खाली काढून ठेवला होता. पातळ कप, उजेडात धरला तर पलीकडे बोटांची सावली दिसते. टिचकी मारली की टणत्कार. तळाला 'मेड इन जपान'. म्हणजे १९२१नंतरचा, लग्नाच्या तारखेशी जुळणारा. आनंदाने मोजायला बसले. बश्या बारा. कप नऊ.

"तीन फुटले असतील," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत नऊ राहिले हेच नशीब."

मलाही ते पटलं. ते तीन कप सापडले ते संध्याकाळी, पडवीतला कोनाडा रिकामा करताना. रिकाम्या बाटल्या, गंजलेलं कुलूप, सुतळीचं गुंडाळं, आणि मागे पालथे घातलेले तीन कप. कान नाहीत. रंग पिवळट पांढरा. टाकायच्या ढिगाकडे नेता नेता सवयीने एक उलटा केला. तोच ठसा. मग खिडकीपाशी जाऊन तिरपा धरला. तिथे गुलाब होता. रंग सगळा गेलेला, पण जिथे फूल होतं तिथली चकाकी जरा मंद. बोटाला पाकळी लागत होती.

एकाच भट्टीतून, एकाच खोक्यातून आलेले बारा कप. नऊ आत कपाटात राहिले, तीन बाहेर कोनाड्यात गेले. बश्या मात्र बाराच्या बारा आत.

त्या रात्री आत्याला फोन केला. आधी ती "असतील बाई, मला नाही आठवत" म्हणाली. मग थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "कपाचा कान तुटला की तो बाहेर जायचा. माल घेऊन यायचे ना पाड्यावरचे लोक, त्यांच्यासाठी. चहा मीच न्यायचे. वरून ओतायचा, किटली कपाला लागू द्यायची नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं गं, बघूनच आलं." पिऊन झालं की ते लोक स्वतःच कप विसळून पालथा घालून ठेवत. तेही बहुधा कुणी शिकवलं नसावं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यावरचे एक म्हातारे बाबा आले होते. घर रिकामं होतंय म्हणून धान्याची पत्र्याची कोठी मिळते का बघायला. त्यांचे वडील आमच्या दुकानात पोती उचलायचे. ओट्यावर ठेवलेले तीन कप बघून ते म्हणाले, "हा माझ्या बापाचा."

"कशावरून?"

त्यांनी कप उचलून दाखवला. कान तुटला तरी त्याचे दोन खुंट राहतात. त्या कपाचा खालचा खुंट जरा लांब होता. "हा बोटाला लागायचा त्याच्या." मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून कपाला गुंडाळला आणि वडील कप कसा धरायचे ते करून दाखवलं.

मी इतकी वर्षं कप जमवते, पण कपाला कान कशासाठी असतो याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. आपल्याकडे पूर्वी प्यायच्या भांड्याला कान नव्हताच. पेला, फुलपात्र, वाटी. कान आला तो चहाबरोबर, कारण चहा कढत असतो. त्यातूनही भाजू नये म्हणून बशी. बशीत ओतायचा, फुंकर घालायची, फुर्र करून प्यायचा. आमच्या पडवीतल्या माणसांना चहा मिळत होता, पण कान नाही आणि बशीही नाही. टॉवेलात गुंडाळलेला कढत कप, आणि पिऊन लगेच कामाला लागायचं.

"घेऊन जाता का हा कप?" मी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी हळवं घडेल. ते हसले. "काय करू त्याचं? घरी स्टीलचे आहेत." कोठी मात्र आनंदाने घेऊन गेले.

असो. खरा वाद पुढे झाला. काकांनी नाशिकचा एक जुन्या वस्तू घेणारा माणूस बोलावला होता. त्याने नऊ कप आणि बारा बश्यांचे साडेचार हजार सांगितले. तीन कपांकडे बघून म्हणाला, "हे टाकून द्या, सेट खराब दिसतो." मी म्हटलं, मी विकणार नाही, बाराही माझ्याकडे ठेवणार, आणि त्यांची हकीकत लिहून ठेवणार. त्यावर काका खरोखर दुखावले. "कशाला घरची लक्तरं वेशीवर टांगतेस? तेव्हा सगळेच तसं वागायचे. आणि तुझ्या आजीने कधी कुणाला चहा दिल्याशिवाय पाठवलं नाही, हे पण लिही."

लिहिते. ते अगदी खरं आहे. आजीने कुणाला तसंच परत पाठवलं नाही. दुष्काळात उधारीवर नागली दिली, बाळंतिणींना गूळ-तूप पाठवलं. ती वाईट बाई नव्हती. तीन कप माझ्यासमोर आहेत ते ती वाईट होती म्हणून नाही. चांगल्या माणसाच्या घरातही ही व्यवस्था किती सहज, आवाज न करता चालायची, ते मला त्या कपांत दिसतं.

आणि कप ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेलं चहा प्रकरण आठवा. टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी तिथल्या सभेला गेली, पुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसताच पुढ्यात ठेवला. गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव'मध्ये हजर असलेल्यांची नावं छापून आणली. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एक कप चहासाठी!

आमच्या पणजीची तऱ्हा तर आणखी वेगळी. पितळेचं भांडं चिंच-राखेने घासलं की शुद्ध, पण मातीचं विटाळलं की टाकायचं. मग चिनी माती कुठे बसवायची? ती मातीच ना! त्यातून कुणीतरी सांगितलं की विलायती कपात हाडं असतात. (हे निव्वळ थोतांड नव्हे. 'बोन चायना'त जनावरांच्या हाडांची राख खरंच घालतात. जपानी कपांत ती होती की नाही, हे पणजीला विचारायची सोय नव्हती.) पणजीने म्हणे जन्मभर त्या कपांना ओठ लावला नाही. म्हणजे आत पणजी कपाला शिवत नव्हती, बाहेर पाड्यावरच्यांना आतल्या कपाला शिवू देत नव्हते. बिचारा कप!

पण यातला फरक विसरून चालणार नाही. पणजीचं न पिणं ही तिची निवड होती. बाहेरच्यांना निवड नव्हती. आदिवासींना कुणी अस्पृश्य म्हणत नसे, तरी कप वेगळा होताच. स्वतंत्र भारताच्या घटनेने अस्पृश्यता बंद केली. १९५५च्या कायद्यात तर हॉटेलातली, धर्मशाळेतली सार्वजनिक वापराची भांडी नाकारणं हा गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांना कपबशीचं महत्त्व नीट कळलेलं होतं. पण घराच्या पडवीत कायदा कुठवर पोचणार? आत्या चहा ओतत होती तो काळ या कायद्याच्या नंतरचा आहे.

आता मला जे म्हणायचंय ते. आम्ही जमवणारे लोक फार मानाने सांगतो की आम्ही जुना काळ वाचवतो. पण आम्ही उचलतो काय? अखंड, चकचकीत, सोन्याची कड शाबूत असलेलं. म्हणजे जे सगळ्यात कमी वापरलं गेलं ते. ज्या कपातून रोज चहा प्यायला गेला तो घासून, फुटून, भंगारात जातो. मग शंभर वर्षांनी कपाटात बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर दिवस होते! सगळीकडे गुलाब आणि सोनेरी कड. हा खोटेपणा कुणी ठरवून केलेला नसतो. आमच्या आवडीतूनच तो आपोआप होतो, आणि म्हणूनच त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा चकित झाले होते ते एवढ्याचसाठी. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा मला अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जास्त लक्षात राहिली. हाताने झिजलेल्या वस्तू. तिथून बाहेर पडताना वाटलं होतं, जमवावं तर असं. आणि मग मी काय केलं? साठ अखंड कप जमवले.

काहींना वाटेल, तुटका कप जपून ठेवणं म्हणजे पूर्वजांवर खटला भरणं. मला तसं वाटत नाही. आरोपी आणि साक्षीदार दोघंही गेले, आता निकाल कुणाचा लावायचा? पण ते नऊ कप मी "आजीचा सुंदर जपानी सेट" म्हणून कौतुकाने दाखवणार असेन, तर तीन लपवायचा मला हक्क नाही. दोन्हींचा वारसा मलाच मिळालाय. नऊ कप ठेवून तीन टाकले तर माझ्याकडे एक छान वस्तू राहील, पण आमच्या घराबद्दल ती जे सांगेल ते खरं नसेल.

म्हणून नाद असलेल्या मित्रमैत्रिणींना, आणि हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींनाही, एक विनंती. घर आवरताना जुनी कपबशी हाती लागली तर ठसा बघाच, पण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की यातून कोण प्यायचं. आणि कोण प्यायचं नाही. उत्तर एका चिठ्ठीवर लिहून कपात टाकून ठेवा. ठसा कारखान्याचं नाव सांगतो, घराचं काहीच सांगत नाही. ते सांगणारी माणसं भराभर चालली आहेत. आत्या आता एक्क्याऐंशीची आहे.

हे सगळं मनात घोळवत नाशिकला घरी आले, बारा कप पंच्यांत आणि जुन्या साड्यांत गुंडाळून. स्वयंपाकघरात जागा करायला गेले तर खिडकीच्या कट्ट्यावर, घासणीच्या डब्याशेजारी एक मग पालथा होता. काठाला टवका उडालेला. आमच्या कामाच्या मावशींचा. तो तिथे कधी गेला, कुणी ठेवला? कुणीच नाही. कानाला धक्का नव्हता लागला, फक्त टवका उडाला होता, आणि तो आपोआप कपाटातून कट्ट्यावर गेला होता. अकरा वर्षं मावशी येतात. मी, जिला साठ कपांच्या तळाचे ठसे पाठ आहेत, तिने हा एक कप कधी पाहिलाच नव्हता.

तो टाकून दिला. सकाळी मावशींनी विचारलं, "ताई, माझा कप कुठाय?" मी म्हटलं, कपाटातला कुठलाही घ्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, कपाट उघडलं, आणि स्टीलचा मोठा पेला काढला. "हाच बरा. यात जास्त बसतो." आम्ही दोघी हसलो. त्यांना आधी काय वाटायचं ते विचारायला माझी जीभ रेटली नाही. अजून रेटलेली नाही.

बारा कप आता एकाच फळीवर आहेत, कानवाले आणि बिनकानाचे शेजारी शेजारी. पुढच्या महिन्यात काका यायचे आहेत. चहा कुठल्या कपात द्यायचा ते अजून ठरत नाहीये.